फिशटँकमधील मासा आजारी पडल्यास या चुका टाळा

मासा सुस्तावलेला दिसला की बहुतेक घरांत पहिली धाव दुकानाकडे घेतली जाते, तेथून निळ्या किंवा पिवळ्या औषधाची बाटली येते आणि त्याच संध्याकाळी तिचे थेंब टँकमध्ये पडतात. पुढच्या बहुतेक चुका याच घाईतून घडतात. पर मिटून तळाशी बसणे, खाणे सोडणे, पृष्ठभागावर येऊन सतत तोंड उघडझाप करणे या लक्षणांमागे घरगुती टँकमध्ये बहुधा बिघडलेले पाणीच असते, आणि ते तसेच ठेवून दिलेले औषध सहसा लागू पडत नाही. मिथिलीन ब्ल्यूसारखे औषध तर फिल्टरमध्ये राहणाऱ्या उपयुक्त जीवाणूंनाही मारते, त्यामुळे पाणी आणखी बिघडते.

म्हणून औषधाआधी थोडा वेळ टँकसमोर बसून नीट पाहावे. सगळेच मासे एकाच दिवशी धापा टाकू लागले असतील, तर दोष पाण्यात आहे असे समजून चालावे. एकाच माशाला त्रास असेल आणि तो हळूहळू इतरांत पसरत असेल, तर रोगाचा संशय घ्यावा. फायटर आणि गुरामी हे मासे एरवीही वर येऊन हवा घेतात, तेवढ्यावरून ते आजारी ठरत नाहीत. त्यानंतर टेस्ट किटने अमोनिया, नायट्राइट आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते) मोजावेत. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असायला हवेत. नवा टँक असेल तर ते शून्यावर यायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, आणि दुकानातून आणलेले मासे पहिल्या महिन्यातच दगावतात त्याचे मोठे कारण हेच असते.

सगळे पाणी एकदम बदलणे

पाणी खराब आहे हे कळल्यावर अनेकजण टँक पूर्ण रिकामा करतात, खडी घासतात, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून धुतात आणि ताजे पाणी भरतात. हेतू चांगला असतो, पण आजारी मासा यातून क्वचितच सावरतो. माशांच्या मलमूत्रातून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू मुख्यतः त्या स्पंजवर आणि खडीवरच वाढलेले असतात, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना मारते. शिवाय बरेच दिवस दुर्लक्षित राहिलेल्या टँकमध्ये पीएच 7 च्या खाली उतरलेला असतो. अशा पाण्यात साचलेला अमोनिया बहुतांशी सौम्य रूपात राहतो. त्यात बोअरवेलचे जड, अधिक पीएचचे पाणी मोठ्या प्रमाणात मिसळले की तोच अमोनिया विषारी रूपात बदलतो. पीएच 7 वरून 8 वर गेल्यास या विषारी अंशाचे प्रमाण सुमारे दहापट होते. 'पाणी बदलले आणि मासे मेले' अशी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे बऱ्याचदा हे साधे रसायनशास्त्र असते.

योग्य मार्ग असा, की एका वेळी चौथा हिस्सा ते एक तृतीयांश पाणीच बदलावे, गरज पडल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच बदलावे, नव्या पाण्याचे तापमान जुन्याच्या जवळ ठेवावे आणि त्यात अँटीक्लोरीन, म्हणजे क्लोरीन निष्प्रभ करणारे द्रव्य, मिसळूनच ते टँकमध्ये ओतावे. पावसाळ्यात टाकीत किंवा विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनयुक्त ब्लीचिंग पावडर, टाकली जाते, तेव्हा ही काळजी दुप्पट घ्यावी. स्पंज धुवायचाच असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा. वीज बराच वेळ गेल्यावर फिल्टरमधील जीवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात. अशा वेळी बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी असणे हे कोणत्याही औषधापेक्षा मोलाचे आहे.

पांढरे दिसले म्हणजे एकच रोग समजणे

अंगावर आणि परांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके, आणि मासा खडीला अंग घासत असेल, तर तो बहुधा इक, म्हणजेच व्हाइट स्पॉट असतो. मात्र विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या कडेवर ओळीने पांढरे बारीक उंचवटे येतात. तो रोग नव्हे, त्याला काहीही करू नये. तोंडाभोवती किंवा पाठीवर कापसासारखा थर दिसला तर तो बुरशीचा असू शकतो, तसाच तो कॉलमनॅरिस या जीवाणूजन्य रोगाचाही असू शकतो, आणि येथे चूक महागात पडते. इकसाठी हीटरने तापमान 28 ते 30 अंशांपर्यंत हळूहळू वाढवतात, पण कॉलमनॅरिस उष्ण पाण्यात अधिक झपाट्याने पसरतो. शिवाय तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, त्यामुळे तापमान वाढवताना हवेचा पुरवठाही वाढवावाच लागतो.

ठिपके दिसेनासे होताच इकचे औषध थांबवणे हीही नेहमीची चूक आहे. इक ज्याच्यामुळे होतो तो परजीवी माशाच्या त्वचेखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो गळून तळाशी पडतो, विभागतो आणि त्यातून शेकडो पिल्ले पाण्यात पोहू लागतात, तेव्हाच औषधाचा वार लागतो. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही उपचार आणखी काही दिवस चालू ठेवावा, रोज तळाची घाण सायफनने काढावी आणि औषध शोषून घेणारा कार्बन फिल्टरमधून आधीच काढून ठेवावा. सायफनची नळी तोंडाने ओढू नये, आणि हाताला जखम असताना पाण्यात हात घालू नये. मत्स्यालयातील काही जीवाणूंचा संसर्ग माणसालाही होतो.

मीठ आणि खाणे

प्रति लिटर 1 ते 3 ग्रॅम खडे मीठ गोल्डफिश, मॉली, गप्पी यांना सहन होते आणि नायट्राइटच्या विषबाधेत खरोखर उपयोगी पडते. मात्र ते वेगळ्या भांड्यात विरघळवून थोडे थोडे सोडावे. लोच व कोरीडोरास हे तळाशी राहणारे मासे आणि पाणवनस्पती यांना ते मानवत नाही. तांबे असलेले औषध कोळंबी आणि गोगलगायी असलेल्या टँकमध्ये कधीही घालू नये. दोन औषधे एकत्र करणे तर पूर्णपणे टाळावे.

आजारी माशाला 'ताकद यावी' म्हणून जास्त खाणे टाकू नये. न खाल्लेले दाणे कुजून अमोनियाच वाढवतात. पोट फुगून मासा तिरका पोहत असल्यास 2 ते 3 दिवस उपवास द्यावा. पण खवले सर्व बाजूंनी उभे राहिले असतील तर तो जलोदर असतो, आतील अवयव निकामी होत असल्याचे ते लक्षण आहे, आणि त्यातून फार थोडे मासे वाचतात. अशा माशाला वेगळ्या भांड्यात, एअर पंपासह, शांत ठेवावे.

हेच वेगळे भांडे पुढेही कामी येते: नवीन मासा निदान 2 ते 4 आठवडे त्यात ठेवून मगच मुख्य टँकमध्ये सोडावा, आणि त्याची जाळी व बादली वेगळी ठेवावी.