टेस्टोस्टेरॉन उपचार चालू असताना रक्ताचा रिपोर्ट कसा वाचावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या लॅबमधून मोबाइलवर आलेल्या रिपोर्टमध्ये एखादा आकडा ठळक अक्षरांत छापलेला दिसला, की मन आधी रोगाकडेच धावते. टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन किंवा जेल चालू असलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये असा एखादा आकडा बहुधा असतोच, कारण हे औषध रक्तात बदल घडवते आणि त्यांपैकी काही बदल अपेक्षितच असतात. म्हणून घरच्यांनी ‘काय म्हनस रिपोर्ट?’ असे विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी रक्त केव्हा आणि कोणत्या स्थितीत घेतले होते, आणि उपचार सुरू होण्यापूर्वी हाच आकडा किती होता, एवढे पाहून घ्यावे. उपचारापूर्वीचा रिपोर्ट हरवला असेल, तर लॅबकडून त्याची प्रत मागवून घेण्याची खटपट अवश्य करावी. त्याच्याशिवाय पुढचे सगळे वाचन अर्धवट राहते.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते सीबीसीमधील, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीतील, हिमॅटोक्रिटकडे, म्हणजे आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये पीसीव्ही या नावाने छापल्या जाणाऱ्या आकड्याकडे. रक्ताच्या एकूण आकारमानात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के आहे, हे तो सांगतो. टेस्टोस्टेरॉनमुळे अस्थिमज्जेत तांबड्या पेशी अधिक तयार होतात आणि शरीरातील लोह त्या कामासाठी अधिक मोकळे होते, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही दोन्ही वर सरकतात. इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये ही वाढ जेल वापरणाऱ्यांपेक्षा अधिक दिसते. ५४ टक्के ही मर्यादा मानली जाते. पीसीव्ही तिच्या वर गेल्यास डॉक्टर साधारणपणे औषध थांबवतात, आकडा खाली येऊ देतात आणि नंतर कमी मात्रेवर पुन्हा सुरू करतात.

मात्र आपल्या भागात या आकड्याची फसगत होण्याचे एक मोठे कारण आहे, ते म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दिवसभर केळीच्या बागेत राबलेला किंवा दुपारी मोटारसायकलवरून फिरलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी, पाण्याचा थेंबही न घेता रक्त द्यायला गेला, तर त्याच्या रक्तातील पाण्याचा अंश घटलेला असतो आणि तांबड्या पेशींची संख्या न वाढताही पीसीव्ही फुगलेला दिसतो. उपाशीपोटी तपासणीत साधे पाणी चालते, ही गोष्ट लॅबमध्ये क्वचितच कोणी सांगते. आदल्या दिवशी भरपूर पाणी प्यावे, सकाळीही एक-दोन पेले प्यावे, आणि वाढलेला आकडा उन्हाळ्यातला असेल तर याच पद्धतीने तपासणी पुन्हा करून घ्यावी. आदल्या दिवशीचे जड कष्ट टाळता आले तर उत्तमच.

दुसरी फसगत नमुन्याच्या प्रवासात होते. तालुक्याच्या गावी घेतलेले रक्त कधी कधी दुसऱ्या शहरातील मोठ्या लॅबकडे पाठवले जाते. सीबीसीचा नमुना फार वेळ पडून राहिला, की नळीतील तांबड्या पेशी फुगतात आणि पीसीव्ही वाढतो. हिमोग्लोबिन मात्र फारसे बदलत नाही. याची साधी पडताळणी घरीही करता येते: हिमोग्लोबिनच्या आकड्याला ३ ने गुणले, की पीसीव्हीच्या जवळपासचा आकडा यायला हवा. समजा हिमोग्लोबिन १६.५ आहे, तर पीसीव्ही ५० च्या आसपास अपेक्षित आहे. रिपोर्टमध्ये ५५ छापले असेल, तर घाबरण्यापूर्वी नमुना कुठे आणि किती तासांनी तपासला, हे विचारावे. जिथे सीबीसी त्याच दिवशी, त्याच ठिकाणी होते, तिथेच ती करून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पुनर्तपासणीतही आकडा चढाच राहिला, तर दोष केवळ टेस्टोस्टेरॉनला देऊ नये. बिडी-सिगारेट आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार ही दोन्ही कारणे पीसीव्ही वाढवतात. रात्री मोठ्याने घोरत असाल, मध्येच श्वास थांबतो असे बायको सांगत असेल किंवा दिवसा पेंग येत असेल, तर ही माहिती डॉक्टरांना द्यावी. काही जण रक्तदान शिबिरात जाऊन आकडा स्वतःच खाली आणू पाहतात. औषधाची मात्रा तीच ठेवून वारंवार रक्त काढत गेल्यास शरीरातील लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, घटतो आणि थकवा येतो. मग ‘टेस्टोस्टेरॉन कमी पडते’ अशी समजूत होऊन मात्रा आणखी वाढवली जाण्याचा धोका असतो. मात्रा कमी करणे किंवा ती विभागून कमी अंतराने घेणे हा बहुधा अधिक सरळ मार्ग असतो, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

सातपुड्याच्या पट्ट्यातील भिल्ल, पावरा या समाजांत सिकलसेलचे वाहक आणि रुग्ण आढळतात. घरात कोणाला सिकलसेल असेल, तर टेस्टोस्टेरॉन सुरू करण्यापूर्वीच आपली तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांना तसे सांगावे, कारण अशा रुग्णाच्या रक्ताचा घट्टपणा वाढणे अधिक जोखमीचे ठरते.

टेस्टोस्टेरॉनच्या स्वतःच्या आकड्याचा अर्थ पूर्णपणे वेळेवर अवलंबून असतो. एनान्थेट या प्रकारच्या टेस्टोस्टेरॉनचे २५० मिलिग्रॅमचे इंजेक्शन घेतल्यानंतर पहिल्या काही दिवसांत पातळी उंच जाते आणि पुढच्या इंजेक्शनपर्यंत उतरत राहते. म्हणून दोन इंजेक्शनांच्या साधारण मधल्या दिवशी रक्त द्यावे. अनडेकॅनोएट या प्रकारचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन असेल, तर पुढच्या इंजेक्शनच्या लगेच आधी द्यावे. जेल वापरणाऱ्यांनी लावल्यानंतर २ ते ८ तासांच्या आत द्यावे, पण ज्या हाताला जेल लावले त्या हातातून नव्हे, नाहीतर त्वचेवरचे औषध नमुन्यात मिसळून आकडा आकाशाला भिडतो. एककही पाहावे: ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि १०.४ नॅनोमोल प्रति लिटर हे एकच प्रमाण आहे. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असाल, तर ते लॅबला सांगावे, कारण काही यंत्रांवर त्यामुळे टेस्टोस्टेरॉन खोटे वाढलेले दिसते.

अंडकोषांना काम करण्याचा संदेश देणारी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन जवळजवळ शून्यावर आलेली दिसली, तर तो नवा आजार नाही. बाहेरून हार्मोन मिळू लागल्यावर मेंदूतील पिट्युटरी ग्रंथी आपले संदेश थांबवते. पण त्याच कारणाने शुक्राणूही घटतात. घरात पाळणा हलण्याची वाट पाहणाऱ्या जोडप्याने हे उपचारापूर्वीच डॉक्टरांशी बोलायला हवे, आणि दुर्दैवाने नेमके हेच बोलणे संकोचापोटी राहून जाते.

यकृताच्या तपासणीतील एसजीओटी, एसजीपीटी थोडे वाढले असतील, तर आधी व्यायामशाळा आणि शेतातले कष्ट आठवावेत. ही द्रव्ये स्नायूंमधूनही येतात, आणि सोबत सीपीके हे स्नायूंतील द्रव्य तपासले की उलगडा होतो. स्नायू वाढल्याने मूत्रपिंडांच्या तपासणीतील क्रिएटिनिनही किंचित चढू शकते. चांगले कोलेस्टेरॉल मानले जाणारे एचडीएल थोडे उतरू शकते. पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीच्या रक्ततपासणीचा आकडा, याच्या बाबतीत मात्र ढिलाई नको: पहिल्या वर्षात तो मूळ आकड्यापेक्षा १.४ हून अधिक वाढला किंवा ४ च्या वर गेला, तर तपासणी पुन्हा करून मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवावे. लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीचा संभोग यांमुळेही तो वाढतो, म्हणून संसर्ग बरा झाल्यावर आणि दोन दिवसांचे अंतर ठेवून पुनर्तपासणी करावी.

ट्रान्स पुरुषांच्या, म्हणजे जन्मावेळी स्त्री अशी नोंद झालेल्या पण पुरुष म्हणून जगणाऱ्यांच्या, रिपोर्टमध्ये वेगळाच घोळ होतो. लॅबच्या अर्जावर ‘स्त्री’ नोंद असल्यास संगणक स्त्रियांची मर्यादा छापतो आणि १६ हिमोग्लोबिनही वाढलेले म्हणून ठळक करतो. काही महिने नियमित टेस्टोस्टेरॉन चालू असेल, तर हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही पुरुषांच्या मर्यादेशी ताडून पाहावेत. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसे एक वाक्य लिहून दिले, तर काउंटरवर सगळ्यांदेखत खुलासा करण्याची वेळ येत नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ट्रॅव्हर्स या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या ५ हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास झाला. त्यात हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात टेस्टोस्टेरॉनमुळे वाढले नाहीत, पण हृदयाची अनियमित धडधड आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याच्या घटना थोड्या अधिक आढळल्या. त्यामुळे एकाच पायाला सूज व दुखणे, अचानक दम लागणे, छातीत दुखणे, बोलणे अडखळणे किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे, असे काही झाल्यास रिपोर्टची वाट न पाहता जवळच्या जिल्हा रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा, आणि शेवटचे इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतले, हे तिथे पहिल्यांदा सांगावे.