रेड हॉट पोकर: उन्हातलं उभं कोलीत कसं लावावं

चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं की टोकाला धगधगता निखारा दिसतो, ते कोलीत. रेड हॉट पोकर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तेच आठवलं. सरळसोट दांडा आणि वर लाल-केशरी कळ्यांचं कणीस. कळ्या खालून वर उमलत जातात आणि उमलताना पिवळ्या होतात, म्हणून एकाच कणसात खाली पिवळं आणि वर लाल असे दोन रंग दिसतात. कोरफडीला आलेला फुलांचा दांडा पाहिला असेल, तर हे घराणं ओळखीचं वाटेल. दोन्ही एकाच कुळातली आहेत.

इंग्लंडमध्ये घर घेतल्यावर लावलेलं माझं पहिलं रोप पुढच्या मार्चमध्ये गेलं. पान ओढलं तर अख्खा झुबका हातात आला, बुडाशी तपकिरी लगदा आणि कुजका वास. आम्ही बर्फाला दोष दिला, पण मारलं होतं साचलेल्या पाण्याने.

याचं शास्त्रीय नाव निफोफिया. सुमारे ७० जाती आहेत आणि निम्म्याहून जास्त दक्षिण आफ्रिकेतल्या. तिथल्या ड्रेकन्सबर्ग डोंगरात पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कडक पण कोरडा असतो. म्हणजे ऐन वाढीच्या दिवसांत पाणी आणि थंडीत कोरडी मुळं, आपल्या सह्याद्रीतल्या गवतासारखंच. इंग्लंडचा हिवाळा नेमका उलटा, महिनोन् महिने ओला. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप कळतात.

जागा. दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवं. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत असेल तर उत्तम. सावलीत पानं भरपूर येतात, दांडे येत नाहीत. जागा ठरली की एक फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा आणि सकाळी पाहा. पाणी तसंच असेल, तर तिथे रोप लावू नका किंवा वाफा उंच करा.

माती. इथेच सगळ्यात जास्त कष्ट घ्या. चिकणमातीत नुसता खड्डा भुसभुशीत केला तर तो हौद होतो, आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं. म्हणून मीटरभर रुंदीची जागा खणून बारीक खडी आणि कुजलेलं कंपोस्ट मिसळायचं आणि तो भाग पालथ्या परातीसारखा मध्ये उंच ठेवायचा. आपल्याला सवय असते रोपाभोवती अळं करायची. माझ्या आईने दिलेली ही सवय मी इथे मोडली, कारण हिवाळ्यात तेच अळं गड्डा कुजवतं.

रोप. बियांपासून फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात, शिवाय संकरित रोपाच्या बियांतून तोच रंग येईल असं नाही. त्यामुळे रोपच आणा. जागा लहान असेल तर ‘लिटल मेड’ घ्या, जेमतेम दोन फूट उंच, फिकट मलईच्या रंगाची. लाल-पिवळी जोडी हवी असेल तर ‘रॉयल स्टँडर्ड’. बाकीची बाग ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलणारी रूपेराय जातही आहे, तिचं कणीस जाड, अंड्यासारखं.

लावणी. एप्रिल-मे सर्वांत चांगले, म्हणजे हिवाळ्याआधी मुळं पसरतात. दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवा, झुबका बघता बघता रुंद होतो. कुंडीत गड्डा जितका खोल होता तितकाच ठेवा, त्याहून खोल गाडू नका. पानांच्या बुडाशी खडीचा थर द्या. हातमोजे घाला. काही जातींच्या पानांच्या कडेला बारीक दाते असतात, उलटं बोट फिरवलं की कळतं.

पाणी. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा, मुळांपर्यंत पोचेल असं. जुनं झाड कोरड सोसतं, पण दांडे वर येत असताना पाणी तोडलं तर कणसं लहान राहतात. वसंतात मूठभर कंपोस्ट पुरे, तेही गड्ड्याला न चिकटवता.

फुलं आली की सकाळी थोडा वेळ जवळ थांबा. भुंगा खालच्या नळीत अर्धा शिरतो, बाहेर फक्त मागचे पाय दिसतात. दक्षिण आफ्रिकेत हाच मध प्यायला शिंजीर पक्षी येतात, आपल्या अंगणातल्या शिंजिराचे भाऊबंद. मला ही फुलं प्रिय आहेत ती मुख्यतः यासाठी. सुकलेला दांडा बुडाशी कापा. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात राहणाऱ्यांनी तर बी धरूच देऊ नये, तिथे हे बागेतून रानात पसरलेलं आहे.

हिवाळा. नोव्हेंबरमध्ये पानं कापू नका. सगळी वर गोळा करून सुतळीने शेंडीसारखी बांधा, म्हणजे पाऊस गड्ड्याच्या पोटात न साचता बाहेरून ओघळतो. पानांत गोगलगायी दडतात, बांधण्याआधी झटकून घ्या. एप्रिलमध्ये सुतळी सोडून मेलेली पानं छाटा.

वाटणी. चार-पाच वर्षांनी दांडे कमी झाले की वसंतात गड्डा उकरून धारदार फावड्याने तुकडे करा, प्रत्येकाला मुळं हवीत. वाटलेलं रोप त्या वर्षी बहुतेक फुलत नाही. काही बिघडलं समजून पुन्हा उकरू नका, पुढच्या जूनपर्यंत त्याला तिथेच राहू द्या.