पायाच्या अंगठ्याचे नख रुतले असेल, तर या चुका टाळा

नाशिकजवळच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या कारखान्यांत दिवसभर सेफ्टी शूज घालून वावरणाऱ्यांना, तसेच तंग बूट घालून त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी डोंगर उतरणाऱ्यांना हे दुखणे जडण्याची शक्यता अधिक असते, कारण बुटाच्या टोकावर अंगठा सतत दाबला जातो आणि नखाची कड शेजारच्या मांसात रुतू लागते.

यातली सर्वांत घातक चूक म्हणजे दुखणारा कोपरा नेलकटरने खोलवर कापणे. टोचणारा भाग निघाल्याने दोन दिवस बरे वाटते खरे. पण कात्री न पोहोचलेल्या जागी नखाची एक टोकदार कपची हमखास शिल्लक राहते आणि नख वाढेल तशी ती पुढे सरकून मांसात घुसते. म्हणून नख सरळ रेषेत कापावे आणि दोन्ही कोपरे मांसाच्या किंचित बाहेर दिसतील एवढे ठेवावेत. अंगठ्याचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटरच वाढते, त्यामुळे कोपरा बाहेर येईपर्यंत धीर धरण्याला पर्याय नाही. नखाच्या मधोमध खाच पाडल्याने कडा आत ओढल्या जातात, हा निव्वळ गैरसमज आहे. नख मुळाशी वाढते, टोकाशी नाही.

पाय कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा बुडवावा. त्यानंतर बोटांच्या बेचक्यांसह तो नीट कोरडा करून, नखाची कड सहज उचलली जात असेल तरच तिच्याखाली कापसाची बारीक वात सरकवावी. तीच ओली वात दिवसेंदिवस तशीच ठेवू नये, रोज बदलावी. चुना किंवा बिब्बा तर मुळीच लावू नये. बिब्ब्याच्या तेलाने त्वचा भाजते आणि आधीच सुजलेल्या जागी जखम चिघळते. घरात कोणी वडीलधाऱ्यांनी आग्रह केला तरी इथे ठाम राहावे, असे मला मनापासून वाटते.

मधुमेह असलेल्यांनी, तसेच पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी घरगुती उपाय करूच नयेत. इतरांनीही पू दिसल्यास, लाली पसरत असल्यास, ताप आल्यास किंवा नखाशेजारी लालसर मांस वाढून धक्का लागताच रक्त येत असल्यास विनाविलंब सर्जनला दाखवावे. अंगठा बधिर करून नखाची रुतलेली पट्टी काढण्याची ही शस्त्रक्रिया लहानशी असते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो.