जुन्या गाडीला एलपीजी लावताय? या चुका टाळा

"गॅसवर घेतल्यापासून गाडी बिघडली" अशी तक्रार आली की मी गॅसकडे बघतच नाही. आधी रेडिएटरचं पाणी बघतो, मग प्लग. दहातल्या आठ गाड्यांचं दुखणं तिथंच सापडतं आणि ते किट बसण्याआधीचंच असतं. पेट्रोल ते सांभाळून घेतं, गॅस घेत नाही.

त्याआधी एक गोष्ट. गॅसची टाकी, तिच्यावरचा मल्टिव्हॉल्व्ह (गॅस भरणं आणि सोडणं सांभाळणारा व्हॉल्व्ह) आणि तांब्याची नळी यांना घरी हात लावायचा नाही. हे काम अधिकृत फिटरचंच. किट मान्यताप्राप्त हवं, आरटीओत आरसी बुकवर नोंद हवी आणि विमा कंपनीला कळवलेलं हवं. यूट्यूब बघून डिक्कीत टाकी आवळणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त गाडी गॅरेजमध्ये घेत नाही. आणि घरातला १४.२ किलोचा लाल सिलिंडर? तो गाडीसाठी वापरणं गुन्हा आहेच. पण गाडीच्या टाकीत ८० टक्क्यांवर भरणं आपोआप बंद होतं आणि नळी तुटली तर प्रवाह अडतो, यातलं त्या सिलिंडरला काहीच नसतं.

घरी करण्यासारखं आहे ते गाडी तयार करणं आणि नंतर सांभाळणं. चुकाही तिथंच होतात.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची. टाकीतून गॅस द्रवरूपात येतो आणि रिड्यूसरमध्ये त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती इंजिनच्या गरम पाण्यातून मिळते. पाणी फिरलं नाही की रिड्यूसर गोठतो.

माझं गॅरेज पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या अलीकडं. एका मे महिन्यात साताऱ्याला निघालेले एक गुरुजी जुनी मारुती ८०० टो करून घेऊन आले. चढ लागला की गाडी गचके देऊन बंद, थोडं थांबलं की पुन्हा चालू. "मिस्त्री, पंपवाल्यानं गॅसच खराब भरलाय." गावातल्या कुणीतरी प्लग बदलले होते, हवेत गॅस मिसळणाऱ्या मिक्सरच्या पाइपावरचा स्क्रू मनाला येईल तसा फिरवून ठेवला होता. वर, टेंपरेचरचा काटा चढतो म्हणून "गॅसनं इंजिन तापतंय" असं निदानही करून दिलं होतं.

मी घाटात एक चक्कर मारून आणली आणि बॉनेट उघडलं. इंजिनवर हात ठेववत नव्हता आणि रिड्यूसरवर फ्रीजरसारखा पांढरा बर्फ. "हात लावून बघा, गुरुजी." त्यांनी बोट लावलं आणि माझ्याकडंच बघत राहिले.

रेडिएटरमध्ये पाणी कमी होतं आणि फिटरनं रिड्यूसर रेडिएटरच्या टोपणापेक्षा वर ठोकला होता. सगळी हवा तिथं जाऊन अडकलेली. चढावर गॅस जास्त ओढला जातो, म्हणून गाडी तिथंच गोठायची. रिड्यूसर खाली घेतला, कूलंट भरलं, हवा काढली. रिड्यूसरच्या आतला डायफ्राम, म्हणजे रबरी पडदाही बदलावा लागला, स्क्रू पहिल्यापासून लावला. गॅस बिचारा चांगलाच होता.

माझी सवय सांगतो. इंजिन थंड असताना रेडिएटरचं टोपण काढायचं, कूलंट भरायचं, हीटर असेल तर गरमवर ठेवायचा आणि गाडी चालू करून होज दाबत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. टोपण लावून गाडी गरम झाली की रिड्यूसरचे दोन्ही होज हातानं बघायचे. दोन्ही गरम हवेत. एक थंड असेल तर गाडी गॅसवर टाकायचीच नाही. आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून फेकणाऱ्या मिस्त्रींना दुरून नमस्कार! इंजिन थंड राहतं म्हणतात. राहतं ना, आणि महाबळेश्वरच्या सकाळी रिड्यूसरही थंडच राहतो.

दुसरी चूक ठिणगीची. गॅसच्या मिश्रणाला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. जुन्या, तडकलेल्या प्लगवायर, झिजलेले पॉइंट, फाकलेले प्लग हे सगळं पेट्रोलवर चालून जातं. गॅसवर बॅकफायर होतो, म्हणजे मिश्रण उलटं मागं पेटतं आणि एअर फिल्टरचा डबा उडतो. म्हणून किटच्या आधी नवे प्लग, नवी वायर, साफ एअर फिल्टर, व्हॉल्व्हची सेटिंग. प्लगचा गॅप मी कंपनीनं दिलेल्यापेक्षा किंचित कमी ठेवतो. किटला पैसे असतात, वायरचा सेट मात्र "नंतर बघू".

कार्ब्युरेटरच्या गाडीत चालत्या गाडीत बटण थेट पेट्रोलवरून गॅसवर टाकू नका. मधल्या खुणेवर (दोन्ही इंधनं बंद) ठेवा, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून गाडी अडखळायला लागली की गॅसवर घ्या. घाई केली की दोन्ही इंधनं एकदम आत जातात आणि इंधन जास्त होऊन इंजिन बंद पडतं.

सकाळी गाडी पेट्रोलवरच चालू करा, गरम झाल्यावर गॅस. पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका, पंप खराब होतो.

वास आला तर काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत. साबणाचं पाणी वापरा, तेही मोकळ्या जागेत. गॅस हवेपेक्षा जड, खड्ड्यात आणि डिक्कीत साठतो. वास डिक्कीतून येत असेल तर साबणाचं पाणीही नको. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं उघडी टाका, कुठलंही बटण दाबू नका, गाडी ढकलत उघड्यावर न्या आणि फिटरला तिथंच बोलवा.