जुन्या मोटरबोटीचा ट्रान्सम नव्याने बांधताना कोणता प्लाय, कोणतं रेझिन, कोणते बोल्ट?

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की आंबेवाडी-चिखलीपासून शिरोळपर्यंत बोटी बाहेर निघतात. उरलेलं वर्ष त्यातल्या कितीतरी उघड्यावर पडून असतात आणि तळात पाणी साचलेलं असतं. ट्रान्सम कुजतो तो याच काळात. ट्रान्सम म्हणजे मोटर जिथे अडकवतो ती बोटीची मागची उभी भिंत. बाहेरून फायबर, म्हणजे रेझिनमध्ये (वाळून घट्ट होणाऱ्या द्रवात) भिजवलेले काचतंतू, आत दोन पदरी प्लाय. मोटरचं वजन आणि पंख्याचा रेटा दोन्ही तिच्यावरच येतात. ऐन पुरात, प्रवाहाच्या विरुद्ध पूर्ण वेगात असताना ही भिंत मागे झुकली तर बोटीत माणसं बसलेली असतात. म्हणून हे काम फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांतच उरकावं. जूनच्या दमट हवेत प्लाय ओल धरतो आणि रेझिनही नीट बसत नाही.

आधी कूज तपासा

मोटर थोडी वर उचलून धरा आणि तिचा खालचा पाय हाताने मागे-पुढे दाबा. ट्रान्सम सोबत हलताना दिसला किंवा कोपऱ्यांत केसाएवढ्या भेगा उघडमीट झाल्या तर आतला प्लाय गेलाय असं समजा. मग लहान हातोडीने सगळीकडे ठोकत जा. खणखणीत आवाज म्हणजे चांगलं, भद्द आवाज म्हणजे कूज किंवा सुटलेला थर.

खात्री हवी असेल तर आतल्या बाजूने 6 मिमीचं ड्रिल मारा. बाहेरचं फायबर फोडू नका. भुसा तळहातावर घ्या. फिकट, कोरडा, कुरकुरीत भुसा निघाला तर तिथला प्लाय शाबूत आहे. काळपट, ओलसर, बोटांत चुरडल्यावर चहाच्या चोथ्यासारखा चिकटणारा भुसा निघाला तर प्लाय मेला. तळाच्या निचरा-भोकाजवळ, मोटरच्या बोल्टभोवती आणि वरच्या कडेला ही भोकं हमखास मारा, कारण पाणी शिरतं तिथूनच. प्लाय स्वस्त होता म्हणून ट्रान्सम कुजला असं क्वचितच असतं. बहुतेक वेळा कुणीतरी भोक पाडून ते उघडं सोडलेलं असतं.

लाकूड: सागवान नको, 710 चा प्लाय घ्या

टिंबर मार्केटात गेल्यावर पहिला सल्ला मिळतो तो सागवानाचा. सागवान उत्तम लाकूड आहे, पण इथे नको. त्यात तेल असतं, त्यामुळे रेझिन धरत नाही. शिवाय अखंड फळी आडव्या अंगाने फुगते-आटते आणि फायबरपासून सुटते. प्लायचे पदर एकमेकांना काटकोनात असल्यामुळे तो हलत नाही. किचनसाठी मिळणारा पीव्हीसी फोमचा किंवा डब्ल्यूपीसीचा (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाचा) बोर्डही घेऊ नका. तो पाण्याने कुजत नाही हे खरं, पण वाकतो, उन्हात मऊ पडतो आणि बोल्ट आवळला की दबतो.

घ्यायचा तो आयएस 710 (भारतीय मानक) चा मरीन प्लाय. फिनॉलिक गोंदाने चिकटवलेला हा प्लाय 72 तास उकळत्या पाण्यात टिकला पाहिजे, अशी त्याची कसोटी आहे. दुकानात 'वॉटरप्रूफ' म्हणून दाखवला जाणारा आयएस 303 चा प्लाय फर्निचरसाठी ठीक, इथे चालणार नाही. शीटवरचा शिक्का बघा. आयएसआय खुणेसोबत परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून पडताळता येतो. त्यानंतर शीटची कड डोळ्यांजवळ धरून चारही बाजूंनी पाहा. मधल्या पदरांत काडी शिरेल एवढी फट दिसली तर ती शीट परत करा. ती फट म्हणजे पुढे पाणी वाहून नेणारी नळीच. तुकडा मिळाला तर दोन दिवस रोज तीन-चार तास उकळा, वाळवा आणि कडेला पटाशी घालून पाहा. हलक्या गोंदाचे पदर सुटे होतात. चांगल्या प्लायचं लाकूड फाटेल, पण सांधा सुटणार नाही.

जाडी ठरवताना जुन्या ट्रान्समची जाडी मोजा आणि तेवढीच ठेवा. मध्यम बोटींत ती साधारण 38 मिमी असते. 18 मिमीचे दोन पदर आणि मध्ये मॅटचा (काचतंतूंच्या चटईचा) एक थर धरला की तिथवर पोचतो. उगाच जाड केलात तर मोटरचा शिकंजा बसणार नाही. उंचीही तीच ठेवा. शॉर्ट शाफ्ट (आखूड पायाच्या) मोटरला 15 इंच आणि लाँग शाफ्टला (लांब पायाच्या) 20 इंच उंची लागते. चुकलं तर पंखा हवा ओढतो.

रेझिन

जुनी बोट बहुधा पॉलिएस्टरची असते. टाक्या बनवणाऱ्यांकडचं साधं जनरल पर्पज रेझिन पाण्यात कायम राहणाऱ्या कामासाठी कमकुवत पडतं. निदान आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर घ्या, त्याहून बरं व्हिनिल एस्टर. लाकडाला सगळ्यात घट्ट धरतं ते ईपॉक्सी, आणि बजेट असेल तर तेच घ्यावं असं आमचं मत आहे. मात्र एक निवडा आणि सगळ्या थरांना शेवटपर्यंत तेच वापरा. ईपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरवर छान बसतं. उलट, वाळलेल्या ईपॉक्सीवर पॉलिएस्टर किंवा जेलकोट (फायबरवरचा रंगीत बाह्य थर) नीट धरत नाही. तिथे पॉलियुरेथेन रंग द्या. ईपॉक्सीसोबत साधी चॉप्ड मॅटही टाळा. मॅटचा बाइंडर (तंतू धरून ठेवणारा गोंद) पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो आणि ईपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून मॅट कोरडी, पांढरी राहते. तिथे रोव्हिंग (विणलेलं जाड काचेचं कापड) किंवा शिवलेलं बायअ‍ॅक्सियल कापड वापरा. हार्डनरचं (ईपॉक्सी घट्ट करणाऱ्या दुसऱ्या भागाचं) प्रमाण डब्यावर दिलेलं असतं तसंच, वजनकाट्यावर मोजून घ्या.

पॉलिएस्टर वापरणार असाल तर कोबाल्ट (वाळणं वेगवान करणारं द्रावण) आणि कॅटॅलिस्ट (रेझिन घट्ट करणारं रसायन) कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच कॅटॅलिस्ट घाला. कॅटॅलिस्टचं प्रमाण किलोला 10 ते 20 मिली. एप्रिलच्या दुपारी 10 मिलीच्या आसपास राहा आणि एका वेळी किलोभराहून जास्त कालवू नका. मगमध्ये गोळा होऊन धूर निघू लागतो. कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून गॉगल घालूनच काम करा.

किती सामान लागेल

1.5 मीटर रुंद आणि 0.5 मीटर उंच ट्रान्समसाठी, पॉलिएस्टर धरून:

- 18 मिमी मरीन प्लाय, 8 बाय 4 ची एक शीट. दोन्ही पदर एकाखाली एक निघतात, उरलेल्या तुकड्यातून तळाकडे जाणारे त्रिकोणी आधार होतात.
- 450 ग्रॅमची (दर चौरस मीटरचं वजन) मॅट 5.5 चौरस मीटर, 600 ग्रॅमची रोव्हिंग 2.6 चौरस मीटर.
- रेझिन 12 किलो. मॅट स्वतःच्या वजनाच्या सव्वादोनपट रेझिन पिते, रोव्हिंग साधारण वजनाइतकं. पुट्टी आणि नासाडी यात धरली आहे.
- पुट्टीसाठी एरोसिल (रेझिन दाट करणारी) पावडर आणि बारीक कापलेले काचतंतू. खडूची पावडर नको.

बसवणं

बाहेरचं फायबर साचा म्हणून तसंच ठेवा आणि आतून काम करा. आतली फायबरची त्वचा कापताना कडेने 50 ते 75 मिमी पट्टी राखा. कापण्याआधी बाहेरून दोन सरळ फळ्या टेकवून आधार द्या, नाहीतर मोकळं झालेलं फायबर फुगतं आणि ट्रान्सम कायमचा वाकडा होतो. कुजका प्लाय पूर्ण काढा, मग 40 नंबरच्या डिस्कने फायबर घासून चमक घालवा. मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, काचेची धूळ मानेत शिरली की दोन दिवस खाज जात नाही.

प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना आधी रेझिनचा पातळ हात द्या. कोरडा प्लाय सांध्यातलं रेझिन शोषून घेतो आणि सांधा उपाशी राहतो. बाहेरच्या फायबरवर ओली मॅट, त्यावर पहिला पदर, पुन्हा मॅट, मग दुसरा पदर. शिकंजे कडेने रेझिनची बारीक रेघ बाहेर येईपर्यंतच आवळा. जास्त आवळलं तर सगळं रेझिन पिळून निघतं.

आतल्या कोपऱ्यांत पुट्टीची गोलाई द्या, कारण काच काटकोनात बसत नाही, खाली हवा धरते. त्यावर मॅट, रोव्हिंग, मॅट, रोव्हिंग, मॅट असे पाच थर. प्रत्येक थर बोटीच्या अंगावर आधीच्यापेक्षा 50 मिमी पुढे न्या, शेवटचा 200 मिमीपर्यंत जाऊ द्या. पाचही एकदम चढवू नका, तीन झाले की थांबा. उष्णता साठली की थर सुटतात. वरची कड झाकायला विसरू नका, मोटरच्या शिकंज्याखाली तीच पहिली उघडी पडते.

भोकं आणि बोल्ट

12 मिमीच्या बोल्टसाठी आधी 20 मिमीचं भोक पाडा, ते ईपॉक्सी आणि काचतंतूंच्या पुट्टीने भरा आणि वाळल्यावर मधून 12 मिमीचं भोक घ्या. आता बोल्टभोवती पाणी आलं तरी त्याला लाकूड भेटत नाही. निचरा-भोकालाही हेच करा. नदी-तलावासाठी 304 स्टीलचे बोल्ट पुरतात, बोट मालवणला जाणार असेल तर 316 घ्या. आतून मोठे वॉशर किंवा 5-6 मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ती मापात कापून मिळते. सीलंट पॉलियुरेथेनचं घ्या. सिलिकॉन नको, त्यावर नंतर ना रंग बसतो ना रेझिन.

मोटर चढवायच्या आधी आठवडाभर काम वाळू द्या. पहिल्या काही फेऱ्यांनंतर बोल्ट पुन्हा आवळा. वापर नसताना बोटीचं नाक उंच ठेवा, निचऱ्याचं बूच काढा, वर ताडपत्री टाका आणि मोटर ट्रान्समवर लटकत ठेवू नका.