नव्या एलईडीखाली मिटलेले झोअँथिड

घरच्या खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टाकीवरची टी-फाइव्ह ट्यूब (बारीक फ्लुरोसंट नळी) काढून एलईडी बसवला आणि थोड्याच दिवसांत वरच्या खडकावरचे झोअँथिड (फुलासारखे उमलणारे, प्रवाळांचे छोटे भाईबंद) मिटूनच राहायला लागले. मश्रूम कोरलही (चपट्या, मऊ चकतीसारखे प्रवाळ) कडेनं पांढुरके. क्षारता, नायट्रेट तपासलं, सगळं जागेवर होतं. म्हणजे उजेडच! प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला जादा उजेड सोसत नाही. ते बाहेर टाकलं जातं आणि रंग उतरतो. दिव्याचा पांढरा चॅनल, म्हणजे पांढऱ्या उजेडाचा वेगळा नियंत्रित होणारा भाग, १० टक्क्यांवर आणला. निळा मात्र ४० वर ठेवला, कारण ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड या शेवाळाला फार उपयोगी. दिवा वीतभर उंच टांगला, मश्रूम खाली वाळूजवळ हलवले. मग दर आठवड्याला फक्त ५ टक्के वाढ. आता दुपारी झोअँथिडच्या हिरव्या चकत्या पूर्ण उमललेल्या असतात, मश्रूमच्या कडा अजून भरताहेत.