१२ नंबरचा पाय आणि किकचं पेडल

किक, म्हंजे ड्रमसेटचा पायानं वाजवायचा मोठा ड्रम, कशी वाजवायची ते सांगत नाही, हील-अप हील-डाऊन (टाच उचलून की टेकवून) तुम्हाला माहीत असेलच. हे फक्त त्यांच्यासाठी ज्यांचा पाय पेडलवर मावत नाही आणि क्लासमधला सर म्हणतो "सवयीनं होईल". सवयीनं नाही होत भाऊ. मला सवयीनं नडगी सुजली.

मी गडचिरोलीतल्या वडशाजवळच्या खेड्यातला. झाडीपट्टीच्या, म्हंजे पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकात बरीच वर्षं ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड) वाजवला, म्हंजे सगळं काम हाताचं, पाय स्टँडखाली नुसते पसरलेले. मग एका सीझनला ड्रमसेट आला आणि मला त्याच्यावर बसवलं. माझा उघडा पाय ३० सेंमी, बूट १२ नंबर, तो इकडच्या दुकानात मिळतच नाही. ऑर्गनवाले काका पाय पाहून म्हनले, "पाय हाये का डवरा बे!" (डवरा म्हंजे पिकातलं तण काढायचं बैलाचं अवजार.) मीपण हसलो तेव्हा.

आता चूक सांगतो, नीट वाचा, कारण मी हिच्यात अख्खा सीझन घालवला. टाच हील प्लेटवर (पेडलची मागची, न हलणारी पट्टी) ठेवली की माझा अंगठा थेट चेनला आणि बीटरच्या (ड्रमवर आपटणारा गोळा) दांड्याला लागायचा. मग मी काय केलं, पाय मागं घेतला. फक्त पाय. स्टूल जिथं होता तिथंच. त्यानं काय होते बघा, तुमचा चवडा आता पेडलच्या मधोमध किंवा त्याच्याही मागं, बिजागरीकडं येते. हापशीचा दांडा टोकाला धरून मारला की हलका जाते, मधात धरला की जीव जाते ना, तसंच आहे हे. मला वाटलं पेडलच जड आहे, म्हणून स्प्रिंग ढिली केली. ढिल्या स्प्रिंगनं बीटर उशिरा परत यायला लागला, मग तो परत यायच्या आतच दुसरा ठोका मारायच्या नादात मी पूर्ण पाय आवळून दाबायला लागलो. आणि पाय मागं, स्टूल जवळ, म्हणून गुडघा घोट्याच्या पुढं गेलेला, नडगीचा स्नायू सतत ताणलेला. पहाटे तीनला, तिसऱ्या अंकात, मारामारीच्या सीनला पाय उचललाच नाही. नुसता थरथरला. व्हिलन पडला आणि किक आलीच नाही.

एका चुकीनं चार चुका झाल्या आणि मी शेवटच्या चौथीवर इलाज करत बसलो होतो, झंडू बाम लावून.

इलाज लय साधा निघाला, म्हणूनच राग येते. स्टूल मागं घ्या. माझा जवळपास एक वीत मागं गेला. घोटा गुडघ्याच्या थोडा पुढं पाहिजे, आणि मांडी कमरेकडून गुडघ्याकडं जराशी उतरती, म्हणून स्टूल थोडा वरपण घ्या. पाय नाकासमोर सरळ ठेवायचा हट्ट सोडा, जरासा तिरपा ठेवा म्हंजे अंगठा चेनच्या बाजूनं निघून जाते. चवडा पेडलच्या वरच्या अर्ध्या भागात, टाच हवेत, पण फक्त एक-दोन इंच. मोठ्या पायाची टाच उंच उचलली तर पोटरी लवकर दमते, उगाच हिरोगिरी करू नका. जागा सापडली की पेडलवर टेपचा तुकडा लावा आणि स्प्रिंग परत कसा. मग मेट्रोनोम (ठेका मोजून देणारं यंत्र) ६० वर, म्हंजे मिनिटाला ६०, साधे ठोके, रोज १० मिनिटं. आठवड्याला ४-५ नं वाढवा. बोअर होईल. होऊ द्या.

डबलसाठी, म्हंजे एकाच पायानं लागोपाठ दोन ठोके मारायला, सगळे हील-टो (एक ठोका टाचेचा, एक चवड्याचा) शिका म्हणतात. थांबा जरा. त्यात टाचेचा ठोका हलणाऱ्या फळीवर पडायला पाहिजे, आणि आपली टाच छोट्या पेडलवर पडते हील प्लेटवर, जी हलतच नाही. महिनाभर घासलं मी, टाचेचा एक ठोका आला नाही. आपल्यासाठी स्लाइड बरं, पहिला ठोका मारून चवडा पुढं सरकवायचा. नाहीतर लाँगबोर्ड पेडल घ्या, त्याची बिजागरी मागं असते आणि हलणारी फळी लांब. पर्ल कंपनीच्या डेमन ड्राइव्ह पेडलची फळी तर छोटीची लांब करता येते. पण स्टूल मागं घेतल्याशिवाय पैसे घालू नका, बाप्पा! महागडं पेडल घेऊन तीच चूक करणारे पाहिलेत मी. आणि "२१ दिवसात फास्ट किक" वाले व्हिडिओ, त्यांच्यात पाय दिसतो का कधी नीट? नुसता चेहरा दिसते.

अजून एक. घरी ड्रम नव्हता म्हणून मी पेडल धानाच्या कोंड्याच्या पोत्यावर वाजवायचो. पोतं बीटर परत फेकत नाही, त्यामुळं बीटर दाबून धरायची सवय लागली आणि खऱ्या ड्रमवर ठोका मारला की मागून बारीक फडफड यायची, एकाचे तीन ठोके. पोतं वाईट नाही, माझ्याकडं तेच होतं, पण आठवड्यातून एकदा तरी खऱ्या ड्रमवर बसा.

नडगी दुखत असेल तर घाबरू नका, माझी स्टूल हलवल्यावर दोनेक आठवड्यात शांत झाली. सुन्नपणा किंवा सूज असेल तर मात्र डॉक्टर, बाम नाही.

माझं अजूनपण मेट्रोनोमच्या ११० च्या वर डबल गेले की पाय सरकत सरकत चेनला लागतेच. आणि दर रात्री नवं गाव, नवा मांडव, अंधारात कोणीतरी सेट मांडून ठेवते. म्हणून मी सतरंजीवर स्टूलच्या तिन्ही पायांच्या आणि पेडलच्या जागी पांढरे टेप चिकटवलेत. सतरंजी स्वतः नेतो, कोणाला उचलू देत नाही.